बहुप्रकारी पूल स्पर्धा यशस्वी झाली का : प्रवेशिकांची वही की पुढे चालींचा कागद?

टेबलावर काठीने बॉल मारून खेळायच्या पूल या खेळाचे एट-बॉल, नाईन-बॉल आणि टेन-बॉल असे तीन प्रकार एकाच छताखाली, एकाच आठवड्याअखेर घेणारी मंडळी आता मराठवाड्यातही दिसू लागली आहेत. स्पर्धा संपली, टेबलांवर आच्छादने पडली, की दोन-चार दिवसांत समितीची बैठक होते आणि तिथे एकच प्रश्न असतो : झाले ते यशस्वी म्हणायचे का, आणि पुढच्या वर्षी हेच पुन्हा करायचे का? परभणीत तीन वर्षे अशी स्पर्धा घेणाऱ्या समितीत मी होतो, त्यामुळे हा निर्णय मला प्रत्यक्ष करावा लागला आहे. त्यासाठी दोन मोजपट्ट्या वापरता येतात. पहिली म्हणजे प्रवेशिका आणि जमा रक्कम. दुसरी म्हणजे किती सामने न खेळताच निकाली निघाले, अर्थात पुढे चाल देऊन किती सामने संपवावे लागले, याची मोजणी. दोन्ही मी वापरून पाहिल्या आहेत. आपली परिस्थिती वेगळी असू शकते, म्हणून पुढील लेखन त्या बेताने वाचावे.

पहिल्या मोजपट्टीची बाजू आधी मांडतो, कारण ती कमी लेखण्यासारखी नाही. हॉलचे भाडे, टेबलांचे नवे कापड, पंचांचे मानधन आणि बक्षिसे हा सगळा खर्च प्रवेश शुल्कातून आणि प्रायोजकांकडून भागवायचा असतो. प्रायोजक दुकानदार असो वा बांधकाम व्यावसायिक, तो पहिल्यांदा आकडाच विचारतो. आम्ही पहिली स्पर्धा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, म्हणजे 17 सप्टेंबरच्या सुट्टीला जोडून घेतली, तेव्हा तीन प्रकारांत मिळून 94 प्रवेशिका आल्या. अंतिम सामन्याला खुर्च्या कमी पडल्या, स्थानिक दैनिकांच्या जिल्हा पानांवर छायाचित्र आले आणि प्रायोजकांनी पुढच्या वर्षाचा शब्द तिथेच दिला. तो शब्द नसता तर दुसरे वर्ष उजाडलेच नसते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ज्यांची पहिलीच स्पर्धा आहे आणि ज्यांना बँकेतल्या शिलकीचा आधार नाही, त्यांना ही वही बाजूला ठेवून चालणार नाही.

तरीही बहुप्रकारी स्पर्धेत ही वही एका विशिष्ट रीतीने फसवते. एकाच प्रकाराची स्पर्धा असते तेव्हा प्रवेशिका आणि माणूस यांची संख्या सारखीच असते. तीन प्रकार असले की एकच खेळाडू तीनदा मोजला जातो. आमच्या 94 प्रवेशिकांमागे नावे मोजली तेव्हा 41 खेळाडू निघाले. दुसऱ्या वर्षी आम्ही पहिला सामना हरणाऱ्याला पुन्हा शुल्क भरून एकदा परत येण्याची मुभा दिली. ही कल्पना आमची नव्हती. अमेरिकेत 1999 सालापासून जानेवारीत भरत आलेल्या डर्बी सिटी क्लासिक या बहुप्रकारी पूल स्पर्धेत अशी सोय असते आणि तिथे ती चांगली रुजलेली आहे. आमच्याकडे तिच्यामुळे प्रवेशिका 118 वर गेल्या, पण खेळाडू होते 43. वहीच्या हिशेबाने स्पर्धा चौथ्या हिश्शाहून अधिक वाढली होती. हॉलमध्ये मात्र दोन माणसे वाढली होती आणि सामने 91 वरून 115 झाले होते.

दुसऱ्या मोजपट्टीकडे मी वळलो तो एका सामन्यामुळे, आणि तो प्रसंग सविस्तर सांगितल्याशिवाय माझा कल का झुकला हे समजणार नाही.

पहिल्या वर्षीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, वसमतहून आलेला एक मुलगा चौथ्या टेबलावर एट-बॉलचा उपांत्यपूर्व सामना खेळत होता. पाच रॅक (बॉल मांडून खेळायचा एक डाव म्हणजे रॅक) आधी जिंकणारा विजयी, अशी लढत होती आणि चार-चार बरोबरी झाली होती. शेवटच्या रॅकमध्ये त्याचे सगळे बॉल गेले होते, फक्त काळा आठ उरला होता, आणि तोही कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटून. त्या दिवशी बाहेर पावसाची झड लागलेली होती. हवेतल्या ओलाव्याने कापड जड झाले होते आणि क्यू बॉल, म्हणजे काठीने मारायचा पांढरा बॉल, रोजच्यापेक्षा आखूड थांबत होता. तो दोनदा खाली वाकला आणि दोनदा उठला, क्यूच्या, म्हणजे काठीच्या, टोकाला खडू लावला. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून त्याचेच नाव पुकारले गेले : नाईन-बॉल, टेबल क्रमांक दोन, दुसरा पुकारा. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी हातानेच खूण केली की आधी हा सामना संपव. त्याने आठ मधल्या पॉकेटमध्ये बरोबर घातला, प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवला आणि क्यू तसाच हातात धरून दुसऱ्या टेबलाकडे धावला. तिथे पंचाने तिसरा पुकारा करून, नियमातली दहा मिनिटे मोजून, समोरच्याला पुढे चाल दिली होती आणि गुणपत्रकावर सहीसुद्धा झाली होती. "सर, मी इथंच तर होतो की," एवढेच तो म्हणाला. दोन्ही टेबलांमध्ये फार तर पंधरा पावलांचे अंतर असेल. नियमाचा कागद त्याला दाखवणारा मीच होतो, आणि ती खूण करणाराही मीच होतो.

स्पर्धा संपल्यावर सगळी गुणपत्रके घेऊन बसलो. 91 सामन्यांपैकी 11 सामने पुढे चाल देऊन संपले होते. त्या अकरांतले चौघे खरोखरच आले नव्हते किंवा गावी परतले होते. उरलेले सात जण त्या वेळी हॉलमध्येच होते, दुसऱ्या टेबलावर दुसऱ्या प्रकाराचा सामना खेळत. दुसऱ्या वर्षी, म्हणजे प्रवेशिकांची वही सर्वांत देखणी दिसत होती त्या वर्षी, पुढे चाली 19 झाल्या.

यावर कोणी म्हणेल की थोडीफार गैरसोय प्रत्येक स्पर्धेत होतेच. एकाच प्रकाराची स्पर्धा असती तर मीही तेच म्हटले असते, कारण तिथे विलंब झाला तर खेळाडू कंटाळतो, पण निकाल सहसा बदलत नाही. बहुप्रकारी स्पर्धेचे प्रयोजनच निराळे आहे. एट-बॉलमध्ये आपला गट निवडून मांडणी सोडवायची असते, नाईन-बॉलमध्ये सर्वांत लहान अंकाच्या बॉलला आधी स्पर्श करत क्रमाने पुढे जायचे असते, आणि टेन-बॉलमध्ये कोणता बॉल कोणत्या पॉकेटमध्ये जाणार हे आधी सांगावे लागते. या तिन्ही कसोट्यांना उतरणारा खेळाडू शोधण्यासाठीच हा खटाटोप असतो. डर्बी सिटीतही बँक पूल, वन पॉकेट आणि नाईन-बॉल या तीन प्रकारांतील कामगिरी एकत्र धरून मास्टर ऑफ द टेबल हा मान दिला जातो. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांचे नाव जगभर आदराने घेतले जाण्यामागे हेच सर्वांगीण कौशल्य आहे : 1999 मध्ये नाईन-बॉलचे आणि 2004 मध्ये एट-बॉलचे अशी दोन वेगवेगळ्या प्रकारांतील जागतिक अजिंक्यपदे त्यांनी मिळवली. आता विचार करा, आमच्या सर्वोत्कृष्ट अष्टपैलू खेळाडूच्या चषकाचे गुण मोजताना त्या वसमतच्या मुलाला नाईन-बॉलमध्ये शून्य मिळाले, आणि तेही एट-बॉलमध्ये तो पुढे गेला म्हणून. जो सर्वांत जास्त प्रकारांत टिकतो त्यालाच अशा वेळापत्रकात सर्वाधिक पुकारे चुकण्याची शिक्षा होते. चषक ज्याच्यासाठी ठेवला होता, त्यालाच तो मिळू नये अशी व्यवस्था आम्ही नकळत केली होती. हे लक्षात आल्यापासून 94 या आकड्याचे मला फारसे काही वाटेनासे झाले.

जागतिक पातळीवर हा पेच सहसा उद्भवत नाही, कारण तिथे नाईन-बॉल, एट-बॉल आणि टेन-बॉल या जागतिक स्पर्धा स्वतंत्रपणे भरतात. आपल्याकडे प्रत्येक प्रकारासाठी वेगळा हॉल आणि वेगळे तीन दिवस मिळणे कठीण, म्हणून सगळे एकत्र बांधावे लागते. एकत्र बांधताना हिशेब मात्र आधी करावा, आणि तो कठीण नाही. 32 खेळाडूंच्या साध्या बाद पद्धतीत 31 सामने होतात, म्हणजे तीन प्रकारांचे 93. एका सामन्याला सरासरी पाऊण तास धरला आणि चार टेबले अखंड चालू राहिली असे गृहीत धरले, तर जवळजवळ साडेसतरा तास लागतात. दोनदा हरल्यावरच खेळाडू बाहेर जातो ती दुहेरी बाद पद्धत घेतली तर प्रत्येक प्रकारात किमान 62 सामने, एकूण 186, आणि वेळ 35 तासांच्या घरात जातो. सकाळी दहा ते रात्री दहा असे तीन दिवस मिळून 36 तास भरतात, त्यामुळे कागदावर ते बसते. प्रत्यक्षात शेवटच्या फेऱ्यांत एक-दोनच टेबले वापरता येतात, मध्ये वीज जाते, नवा रॅक लावताना वाद होतो, आणि बसत नाही. मग संयोजक दोन प्रकारांच्या फेऱ्या एकमेकांवर चढवतो. पुढे चालींचा उगम तिथेच आहे.

दुसऱ्या मोजपट्टीचे दोष मला ठाऊक आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. एखादी स्पर्धा अगदी छोटी ठेवली, दहा खेळाडू बोलावले, तर पुढे चाल एकही होणार नाही आणि तरी तिला यशस्वी म्हणणे धाडसाचे ठरेल. शिवाय पाऊस, एसटीचा खोळंबा, घरातला कार्यक्रम अशी कारणे संयोजकाच्या हातात नसतात. त्यामुळे नुसता आकडा मोजू नये, प्रत्येक पुढे चालीपुढे कारण लिहावे आणि "हॉलमध्ये हजर, दुसऱ्या टेबलावर" हा रकाना वेगळा ठेवावा, असे मी सुचवीन. प्रायोजकांना हा कागद दाखवून पैसे मिळतील असेही नाही. एका प्रायोजकांनी तो पाहून, हे तुमचे अंतर्गत काम आहे, असे सौम्यपणे सांगितले होते.

वाट पाहण्याबद्दल थोडेसे. मी घड्याळ लावून मोजणी केलेली नाही, पण पहिल्या दोन वर्षांत जिन्याच्या पायऱ्यांवर क्यूची पेटी गुडघ्यांत धरून बसलेले खेळाडू दिवसभर दिसायचे. कोणाला केव्हा पुकारले जाईल याचा भरवसा नसल्याने समोरच्या हॉटेलात जेवायला जाण्याचीही सोय नव्हती. सरावासाठी मोकळे टेबल नसायचे, हात थंड पडायचा, आणि तीन तासांनी पहिलाच ब्रेक, म्हणजे डावाचा सुरुवातीचा फटका, मारताना क्यू बॉल टेबलाबाहेर गेलेला मी एकाहून अधिक वेळा पाहिला. जिंतूर, सेलू, हिंगोलीकडून आलेल्यांना परतीच्या शेवटच्या गाडीचाही घोर असे. पुढे चालींचा कागद ही सगळी अवस्था पूर्णपणे टिपत नाही. तरी तिच्या जवळपास तोच पोहोचतो, प्रवेशिकांची वही अजिबात पोहोचत नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही टेन-बॉल वगळले, परत प्रवेशाची सोय काढून टाकली आणि एट-बॉल उपांत्य फेरीपर्यंत पोहोचल्याशिवाय नाईन-बॉल सुरूच करायचे नाही असे ठरवले. प्रवेशिका 71 वर आल्या. वहीत पाहिले तर ही सरळ घसरण होती आणि समितीतल्या दोघांनी तसे स्पष्ट बोलूनही दाखवले. खेळाडू मात्र 40 होते, म्हणजे पहिल्या वर्षापेक्षा एकच कमी. 69 सामन्यांत पुढे चाली झाल्या दोन, आणि ते दोघेही रस्त्यावर पाणी आल्यामुळे घरूनच निघू शकले नव्हते. अष्टपैलू खेळाडूचा चषक ज्याला मिळाला, त्याच्या विरुद्ध हरलेला प्रत्येक जण टेबलावर हरला होता.

जमाखर्च त्या वर्षी जेमतेम जुळला, हे सांगितले पाहिजे. ज्यांच्याकडे तेवढीही सवड नाही त्यांनी पहिल्या वर्षी प्रवेशिकांकडे पाहावे, त्यात गैर काही नाही. फक्त खेळाडूंची नावे एकदाच मोजावीत. ज्यांचे दुसरे किंवा तिसरे वर्ष आहे त्यांनी, माझ्या मते, बक्षीस समारंभाच्या रात्रीच गुणपत्रके घरी न्यावीत, कारण आठवड्याभराने पंचांना कारणे आठवत नाहीत. आमच्या येत्या सप्टेंबरच्या बैठकीत टेन-बॉल परत आणण्याचा प्रस्ताव आहे आणि तो खेळाडूंनीच मांडला आहे. मी त्याला होकार देणार आहे, मात्र चौथा दिवस मिळाला तरच. त्यासाठी हॉलच्या व्यवस्थापकांकडे विचारणा केली आहे. वसमतच्या त्या मुलाने दोन्ही प्रकारांसाठी नाव पाठवले आहे, आणि टेन-बॉल झाले तर त्यातही खेळेन असे चिठ्ठीत लिहिले आहे.