टोकियो घूल: भुकेचा हिशेब चोख, शेवट घाईचा

माणसांत मिसळून राहणारा, पण माणूसच खाणारा जीव कथेत आणला की पहिला प्रश्न पोटाचा येतो. तो खातो किती आणि आणतो कुठून? सुई इशिदा यांच्या ‘टोकियो घूल’ या मांगात (जपानी चित्रकथेत) याचा हिशेब चोख आहे, आणि सगळं नाट्य त्यातूनच उभं राहतं.

घूलना माणसाचं मांस चालतं, वर कॉफी. बाकी अन्न किळसवाणं लागतं. गिळलंच तर लवकर ओकून टाकावं लागतं, नाहीतर तब्येत ढासळते. एकदा पोटभर खाल्लं की महिनाभर सहज निघतो. म्हणूनच विसाव्या वॉर्डातलं ‘अँतेइकू’ कॅफे टिकू शकतं: शिकार न जमणाऱ्यांसाठी ते आत्महत्या केलेल्यांची प्रेतं गोळा करून आणतं. हे सगळं माहीत असूनही त्या कॅफेत काम करणारी घूल मुलगी तोउका आपल्या माणूस मैत्रिणीने, योरिकोने, रांधलेलं खाते आणि पोटात ठेवते. मालिकेतल्या कुठल्याही रक्तपातापेक्षा हे जास्त लागतं.

मारामाऱ्यांनाही नियम आहेत. शरीरातून निघणाऱ्या ‘कागुने’चे चार प्रकार: खांद्याकडचा उकाकू चपळ पण लवकर दमणारा, त्याखालचा कोउकाकू चिवट पण जड, कमरेचा रिनकाकू जखमा झपाट्याने भरणारा पण ठिसूळ, आणि माकडहाडाकडचा बिकाकू सगळ्यात मध्यम. दगड-कागद-कात्रीसारखं प्रत्येक प्रकार दुसऱ्या एकावर भारी पडतो. त्यामुळे कोण का हरलं, ते कळतं. सीसीजी या घूलविरोधी सरकारी यंत्रणेचे तपासनीस मेलेल्या घूलच्या याच अवयवापासून ‘क्विंके’ ही हत्यारं बनवतात. त्यांच्यातलाच मादो हिनामी या लहान घूल मुलीसमोर तिच्याच आईवडिलांपासून बनवलेली हत्यारं उपसतो, तेव्हा राक्षस नेमका कोण हे लेखकाला वेगळं सांगावं लागत नाही.

सातव्या खंडातला छळ मात्र कोवळ्या वाचकांनी टाळावा. छळ सोसताना 1000 मधून सात-सात वजा करत जाणारा कानेकी, म्हणजे माणसाचा अर्धा घूल झालेला नायक, नंतर बराच काळ डोक्यातून जात नाही.

मूळ मालिका 2011 ते 2014, 14 खंडांची. पुढची ‘टोकियो घूल: रे’ 2018 पर्यंत, 16 खंडांची. खरी रड तिथे आहे. पात्रांची गर्दी वाढते, शाईचे फटकारे इतके दाट होतात की लढाईत कुणाचा हात कुठला ते पान मागे उलटून बघावं लागतं, आणि शेवटच्या खंडांत वर्षानुवर्षं विणलेले धागे घाईघाईने बांधले जातात. चित्रकलेची झेप मात्र विलक्षण. काही पानं फक्त बघत राहावीत अशी. (इंग्रजी आवृत्तीतही पानं उजवीकडून डावीकडेच वाचायची, नवख्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो.)

अ‍ॅनिमेवरून, म्हणजे याच कथेच्या अ‍ॅनिमेशन मालिकेवरून, सुरुवात करू नका. पहिल्या सीझनच्या 12 भागांत जवळपास सात खंड कोंबले आहेत. दुसरा सीझन मूळ कथेची वाट सोडतो. तिसरा मात्र पुन्हा मांगाच्या मागे जातो, त्यामुळे नुसतं पाहणाऱ्याला मधले दुवेच सापडत नाहीत. आधी 14 खंड वाचा. शोकांतिका पचत असेल, तर तिथेच थांबलात तरी चालेल.