बोअरची मोटर घेताय? एचपी नंतर, आधी हेड बघा

दीड एचपीची व्ही-फोर (चार इंची) वॉटर फिल्ड, म्हणजे आत पाणी भरलेली सबमर्सिबल वापरतोय, त्याआधी त्याच बोअरमध्ये तेवढ्याच एचपीची ऑइल फिल्ड, म्हणजे आत ऑइल भरलेली होती, त्यामुळे दोन्हींबद्दल लिहितो. मोटर मस्त आहे, बिनधास्त घ्या, फक्त बॉक्सवरचा आकडा बघून घेऊ नका.

हेड म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते. बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरात मॅक्स हेड छापलेलं असतं आणि दुकानदार पण तोच आकडा दाखवतो. अहो ते मॅक्स हेड म्हणजे जिथे डिस्चार्ज (बाहेर पडणारं पाणी) शून्य होतो ती उंची, तेवढ्या उंचीला पाणी पाईपात येऊन नुसतं उभं राहणार, बाहेर थेंब पडणार नाही. हे मला अजिबात पटत नाही, मोठ्या अक्षरात छापायचाच तर ज्या हेडला मोटर नीट चालते तो आकडा छापा ना. कामाचा कागद म्हणजे हेड आणि डिस्चार्जचा तक्ता, तो मागून घ्या, नाही दिला तर ती मोटर सोडून द्या.

हिशोब काही अवघड नाहीये. समजा बोअर 300 फूट आहे, पाणी 120 फुटांवर उभं आहे, पण मोटर चालू झाली की पाणी खाली जातं आणि 200 फुटांवर जाऊन टिकतं, तर धरायचे 200, 120 नाही. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. टाकीची उंची 30 फूट, पाईपातलं घर्षण आणि बेंड मिळून वीसेक फूट, झाले 250 फूट म्हणजे साधारण 76 मीटर. आता तक्त्यात 76 मीटर मधोमध येईल अशी मोटर शोधायची. एवढ्या हेडला दीड एचपीने मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी दिलं तर चांगलं म्हणायचं, हजार लिटरची टाकी 25 मिनिटांत भरते. एकाच एचपीत कमीजास्त स्टेजची (एकावर एक बसवलेल्या इम्पेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकांची) मॉडेलं असतात, स्टेज वाढले की पाणी उंच चढतं पण धार कमी होते. काहीजण असू दे जास्तीचं म्हणून जास्त हेडची मोटर घेऊन वरच्या पाण्यात सोडतात, ते करू नका, डिस्चार्ज प्रमाणाबाहेर जातो, अँपियर चढतात, आतले इम्पेलर वर उचलले जाऊन घासतात.

आता वॉटर फिल्ड की ऑइल फिल्ड. ऑइल फिल्ड आणली की लगेच सोडता येते, आत काही भरायला लागत नाही, हे तिचं चांगलं. पण सील गेलं की ऑइल पाण्यात उतरतं, पाण्यावर तवंग दिसायला लागतो आणि ते पाणी प्यायचं असेल तर संपलाच विषय. वॉटर फिल्डमध्ये आत पाणीच असतं, वायंडिंगच्या तारेवर प्लास्टिकचं वेष्टण असतं आणि रिवायंडिंग करणारे सहज मिळतात. मला तरी पिण्याच्या पाण्यासाठी हीच बरी वाटते.

फक्त सोडण्याआधी पाणी भरायचं काम घाईत उरकू देऊ नका. मोटर उभी धरायची, प्लग काढायचा, स्वच्छ पाणी हळूहळू ओतायचं, बुडबुडे येतात ते थांबेपर्यंत मोटर जरा हलवत राहायची, मग थोडं थांबलं की पातळी परत खाली गेलेली दिसते, परत भरायचं. आत हवा राहिली की बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बेअरिंग) कोरडे घासतात. केबलचा जॉइंट पण समोर उभं राहून करून घ्या, आधी रबर टेप ताणून, त्यावर पीव्हीसी टेप, आणि तो जॉइंट बादलीत बुडवून मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) चेक केल्याशिवाय खाली जाऊ देऊ नका, कारण नंतर एवढ्याशा जॉइंटसाठी अख्खा पाईप वर ओढावा लागतो.

मोटर पार तळाला टेकवू नका, दहा-पंधरा फूट वर ठेवा, खाली गाळ असतो. बोअरच्या पंपात मोटर खाली आणि पाणी ओढायची जाळी तिच्या वर असते, म्हणजे जाळीकडे जाणारं पाणी मोटरच्या अंगावरून जातं आणि तिला गार ठेवतं, गाळात रुतली तर गार कशी होणार. याच कारणाने बोअरची मोटर विहिरीत तशीच टाकू नये, मोठ्या विहिरीत पाणी चहूबाजूंनी थेट जाळीत जातं, मोटरजवळचं पाणी हलतच नाही. विहिरीला ओपनवेल (विहिरीसाठीची) आडवी मोटर घ्या, नाहीतर बोअरवालीला बाहेरून कूलिंगचा पाईप चढवून घ्या.

ड्राय रन प्रिव्हेंटर (मोटर कोरडी चालू न देणारं यंत्र) लावाच, यात पैसे वाचवायला जाऊ नका. पाणी तुटलं की लोड कमी होऊन अँपियर पडतात, ते ओळखून तो मोटर बंद करतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर माझी मोटर यानेच वाचवलीये. बंद केल्या केल्या लगेच चालू पण करू नका, एनआरव्ही (पाणी परत खाली येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळत असेल तर पाईपातलं पाणी खाली येताना पंप उलटा फिरत असतो, त्यात झटक्याने चालू केली तर शाफ्ट किंवा कपलिंग तुटू शकतं. आणि थ्री फेजवाल्यांनो, नवीन मोटरने पाणी अगदीच कमी दिलं तर ती उलटी फिरत नाही ना ते बघा, पॅनलवर कुठल्याही दोन फेज अदलाबदल केल्या की झालं.

सोबत आलेलं पॅनल मात्र सुमार आहे. अँपियर मीटरचा काटा अडकतो, म्हणून मी डिजिटल बसवून घेतला. सिंगल फेजमध्ये मोटर नुसती हुं हुं करून ट्रिप व्हायला लागली तर जळाली म्हणून लगेच वर ओढायला माणसं बोलावू नका, आधी पॅनलमधला स्टार्टिंग कंडेन्सर बदलून बघा, तो वरच्या वर बदलता येतो.