स्वीडिश गॉगल: दोन वाट्या, एक दोरा आणि अर्धा तास

उन्हाळी सुट्टीत रोज तलावावर जायचं ठरवलं की खरेदीत सगळ्यात आधी विचार गॉगलचा करावा. पोहण्याचा पोशाख थोडा सैल निघाला तरी निभावतं. गॉगलमध्ये पाणी शिरू लागलं तर मात्र दर लॅपला काठाशी थांबून तो उलटा करून झटकावा लागतो, आणि आठ दिवसांत तलावावर जायची हौसच फिटते. सुट्टीच्या सुरुवातीला भरलेली बॅच महिन्याभरात रोडावते, त्यामागे चुरचुरणारे लाल डोळे हे एक मोठं कारण असतं.

हा रिव्ह्यू स्वीडिश गॉगलचा आहे. स्वीडनच्या माल्मस्टेन कंपनीने 1970 च्या दशकात आणलेली ही रचना आज बऱ्याच कंपन्या थोड्याफार फरकाने बनवतात. पाकिटात तयार गॉगल नसतोच. कडक पॉलिकार्बोनेटच्या दोन वाट्या, एक बारीक दोरा, एक छोटी नळी आणि रबराचा पट्टा असे सुटे भाग असतात. वाट्यांच्या कडेला रबराची किंवा सिलिकॉनची गादी नसते. पाहताक्षणी वाटतं की हे प्लॅस्टिक डोळ्यांना रुतणार. नीट जुळवलं तर रुतत नाही, आणि जुळवण्यावरच या गॉगलचं सगळं अवलंबून आहे. ज्याला पोहता येतं आणि आठवड्यातून चार-पाच दिवस पोहायचं आहे, त्याने हाच घ्यावा, असं ठाम मत आहे. नवशिक्यासाठी आणि लहान मुलांसाठी मात्र गादीचाच गॉगल बरा.

गादीच्या गॉगलमध्ये पाणी अडतं ते मऊ सिलिकॉन दाबलं गेल्यामुळे. ती गादी डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या हाडावर टेकते, म्हणून गॉगल चेहऱ्यापासून बराच पुढे राहतो आणि सूर मारताना पाण्याच्या माऱ्याने सरकतो. स्वीडिश वाटी खोबणीच्या आतच बसते आणि चेहऱ्याबाहेर फारशी येत नाही. सूर मारला, भिंतीला पाय लावून जोरात सुटलं, तरी ती जागची हलत नाही. शिवाय पट्टा फार ओढावा लागत नाही. आकार जुळला असेल तर हलक्या दाबावरही वाटी चिकटून राहते.

आकार जुळतो की नाही हे दोरा ओवण्याआधी पाहून घ्या. चेहरा कोरडा ठेवा, एकेक वाटी डोळ्यावर ठेवून बोटाने हलकी दाबा आणि सोडा. पट्ट्याशिवाय ती एक-दोन सेकंद टिकली तर चेहरा या गॉगलचा आहे. सोडताक्षणी पडली तर वाटी उलटी धरली नाही ना, हे आधी बघा. डावी-उजवी वाटी वेगळी असते. नाकाकडच्या टोकाला दोऱ्याचं बारीक भोक आणि कानाकडच्या टोकाला पट्ट्याची खाच असते. सरळ धरूनही दोन-तीन प्रयत्नांत टिकली नाही, तर हट्ट करू नका. काहींच्या खोबणीचा उतार या वाटीला जुळतच नाही, आणि पट्टा आवळून तो दोष जात नाही.

मग कडा तपासा. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकला कधीकधी बारीक कंगोरा राहतो. डोळ्याभोवती टोचतं ते वाटीमुळे नाही, या कंगोऱ्यामुळे. बोट कडेवरून सावकाश फिरवा, खरखर लागेल तिथे 600 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून पाच-सहा वेळा हलक्या हाताने घासा आणि वाटी धुऊन टाका. घासताना काचेच्या भागावर आतून चिकटपट्टी लावावी. एक ओरखडा कायमचा नजरेसमोर राहतो.

खरं काम नाकावरच्या दोऱ्याचं. दोन्ही वाट्या डोळ्यांवर चिकटवून आरशात बघा आणि आतल्या दोन भोकांमधलं अंतर दोऱ्याने मोजा. बहुतेकांचं ते एक ते दीड सेंटीमीटरच्या आसपास निघतं. नळी या अंतरापेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर आखूड कापा. दोरा एका वाटीच्या भोकातून आणा, नळीतून काढा, दुसऱ्या वाटीच्या भोकातून वळवा आणि परत त्याच नळीतून मागे आणा. आता सुरगाठ बांधून गॉगल डोळ्यांवर लावून पाहा. अंतर पटलं की मगच निरगाठ मारा, टोकं दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा, नायलॉनचा दोरा असेल तर काडेपेटीच्या आचेने टोकं जरा वितळवा आणि गाठ नळीत ढकला. गाठ बाहेर राहिली तर नाकाचं कातडं सोलवटतं. पहिल्याच दिवशी निरगाठ मारून बसणं ही सगळ्यात नेहमीची चूक. पाण्यात एक फेरी झाल्याशिवाय खरं माप कळत नाही, म्हणून पहिल्या दिवशी सुरगाठच ठेवून तलावावर जावं आणि जादा दोरा सोबत न्यावा.

पट्टा बांधायला सोपा. एका वाटीच्या खाचेतून ओवा, डोक्यामागून दुसऱ्या वाटीकडे न्या, तिथून परत फिरवा आणि दोन्ही टोकांची गाठ घाला. डोक्यामागे दोन पदर येतात. कवटीच्या मागे जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या वर एक आणि खाली एक असे तीन-चार सेंटीमीटर अंतराने ते ठेवा. दोन्ही पदर मानेकडे उतरले तर वाट्या नीट टेकत नाहीत. गॉगल घालताना आधी वाट्या डोळ्यांवर टेकवायच्या, मग पट्टा मागे न्यायचा.

यानंतरही पाणी शिरत असेल तर कुठून शिरतं ते बघा, म्हणजे कारण सापडतं. नाकाकडच्या कोपऱ्यातून येत असेल तर दोरा लांब झाला आहे. कानाकडच्या कोपऱ्यातून येत असेल तर दोरा आखूड आहे, वाट्या नाकाकडे ओढल्या जाऊन बाहेरची कड सुटते आणि नाकही दुखतं. वरून किंवा खालून येत असेल तर पट्टा जागेवरून सरकला आहे. सगळीकडून झिरपत असेल तर पापण्यांचे केस किंवा टोपीची कड वाटीखाली अडकली आहे, नाहीतर डोळ्याभोवती सनस्क्रीन आहे. उघड्या तलावावर सनस्क्रीन हवंच, पण पोहण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा आणि खोबणीची कड मोकळी सोडा. तेलकट कातडीवर वाटी धरत नाही, आणि वितळलेलं सनस्क्रीन डोळ्यांत उतरलं की क्लोरीनपेक्षा जास्त झोंबतं.

यातल्या कुठल्याही तक्रारीवर पट्टा आवळणं हा उपाय नाही. गॉगल काढल्यावर कातडीवर गोल वळ उमटणं साहजिक आहे. तो अर्ध्या तासात गेला नाही तर पट्टा घट्ट आहे असं समजा. घट्ट गॉगलने डोळ्यातला दाबही थोडा वाढतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच हा प्रकार घ्यावा.

धुकं धरणं ही या गॉगलची उघड कमजोरी. पापणीजवळची हवा उबदार आणि दमट, काच बाहेरच्या पाण्याने थंड, त्यामुळे आतून बारीक थेंब जमतात. वाटी डोळ्याला इतकी जवळ असते की आतली हवा लगेच कोंदट होते. काही वाट्यांना आतून धुकं न धरणारा लेप असतो. तो पाण्याचे थेंब होऊ देत नाही, त्यांचा पातळ थर करतो. या लेपाला बोट लावलं की तो गेलाच. लेप नसेल किंवा झिजला असेल तर लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आतून पसरा, मिनिटभर ठेवा आणि एकदाच पाण्यात बुडवून काढा. फार धुतलं तर उपयोग नाही, कमी धुतलं तर डोळे चुरचुरतात. गॉगल घालण्याआधी चेहऱ्यावर पाणी मारून कातडी थंड केली तरी बराच फरक पडतो. टूथपेस्टने घासायचा सल्ला ऐकू नका, त्यातले खरखरीत कण पॉलिकार्बोनेटवर ओरखडे काढतात.

रंग निवडताना तलाव कुठल्या वेळी गाठणार ते ठरवा. छताखाली आणि संध्याकाळच्या बॅचला बिनरंगी, सकाळी उघड्या तलावात फिकट निळा, दुपारच्या उन्हात धुरकट. उताणं पोहणाऱ्यांना उन्हात आरशासारख्या लेपाचा गॉगल सुखाचा, पण तो लेप बाहेरून असतो आणि पिशवीतल्या किल्ल्यांनी आठवड्यात सोलतो. गडद गॉगल अंधार पडल्यावर घालू नका. लेनच्या तळाची काळी रेघ भिंतीच्या दोन मीटर अलीकडे संपते आणि तिथे आडवा पट्टा असतो. वळायचा अंदाज त्यावरून घ्यायचा, आणि तोच दिसेनासा होतो.

पहिल्या दिवशी वळण चुकलं तर घाबरू नका. उघड्या डोळ्यांनी पाण्यात धूसर दिसतं, कारण कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, प्रकाश वळवण्याची ताकद पाण्याला लागून जवळजवळ संपते. गॉगलमधल्या हवेमुळे ती परत मिळते. मात्र सपाट काचेतून पाण्यातल्या वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपटच दूर भासतात. भिंत जवळ आली असं वाटून वळण लवकर घेतलं जातं. दोन-तीन दिवसांत नजर सरावते.

चष्मा असलेल्यांसाठी हा गॉगल सहसा नंबरात मिळत नाही. त्यांनी नंबरच्या काचांचा गादीचा गॉगल घ्यावा. त्यात नंबर बहुधा अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने येतात, आणि सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) असेल तर त्याच्या निम्मा नंबर मूळ नंबरात मिळवतात. उणे 3 ला उणे 1 सिलिंडर असेल तर उणे साडेतीन. गॉगलखाली कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहू नये. पाण्यातला अकँथामीबा नावाचा सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकला तर डोळ्याला गंभीर संसर्ग होतो.

गॉगल काढताना वाटी पुढे ओढू नका. ओला पट्टा सटकला तर कडक वाटी थेट डोळ्यावर आपटते, आणि इथे मार सोसायला मऊ गादी नाही. दोन्ही अंगठे डोक्यामागे पट्ट्याखाली घालून तो वर उचलायचा. सूर मारायच्या खोल तलावात तळापर्यंत बुडी घेतानाही हा गॉगल नको. यात नाक बाहेर असल्याने आतला दाब बरोबर करता येत नाही, दोन-तीन मीटरखाली डोळे ओढले जातात आणि पांढऱ्या भागात रक्ताचे डाग पडू शकतात. त्यासाठी नाक झाकणारा मास्क घ्या. वॉटर पार्कच्या घसरगुंड्यांवरही हा डोळ्यांवर ठेवू नका, पिशवीतच राहू द्या. मित्राला तासाभरासाठी देण्याची ही वस्तू नाही. दोरा एकाच नाकाच्या मापाचा असतो, आणि डोळे येण्याची साथ अशा उसनवारीनेही पसरते.

टिकाऊपणात वाट्या आणि पट्टा यांचं गणित वेगळं आहे. वाट्या वर्षानुवर्षं जातात. लॅटेक्सचा पट्टा ऊन, क्लोरीन आणि तेल यांनी एका मोसमातच चिकट होऊन तडकतो. पोहून झाल्यावर साध्या पाण्यात गॉगल बुडवून काढा, सावलीत वाळवा आणि चष्म्याच्या कडक डबीत ठेवा. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवलात तर नळीत काळी बुरशी धरते. उन्हात लावलेल्या गाडीच्या काचेपाशी ठेवलात तर पट्टा दोन दुपारींत खराब. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असेल किंवा पट्टा केसांत अडकत असेल, तर खाचेत मावेल असा सिलिकॉनचा पट्टा किंवा तीन-चार मिलिमीटर जाडीची लवचिक गोल दोरी लावा. पट्टा ताणून पाहताना पांढरट चिरा दिसल्या की त्याच दिवशी बदला. तुटतो तो बहुतेक वेळा सूर मारताना, वाटीजवळच्या खाचेतच.