वाघ्यासोबतचे १९ महिने: आधारासाठी लॅब्राडोर पुरतो का?

गेल्या महिन्यात एका बँकेच्या चकचकीत फरशीवर वाघ्याचे, म्हणजे चालताना मला आधार देणाऱ्या माझ्या लॅब्राडोर कुत्र्याचे, मागचे पाय सरकले. मी नेमका तेव्हाच त्याच्यावर तोल टाकला होता, त्यामुळे दोघंही आडवे झालो. त्याला खरचटलंही नाही. माझं डावं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये आहे, हे सगळं उजव्या हाताच्या एका बोटानं लिहितेय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य ऐकवतो: "बाई, थोरलं कुत्रं घ्यायला पायजे होतं." पहिले आठ दिवस मलाही तेच वाटत होतं. आता वाटत नाही.

डाव्या पायाला लहानपणी पोलिओ. पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची पट्टी, लावते, उजव्या हातात काठी असते, डाव्या बाजूला वाघ्या. उंची ५ फूट १ इंच, वजन ५२ किलो. हे आकडे मुद्दाम देतेय, कारण जात निवडताना आधी स्वतःला मोजावं लागतं. आधाराचं काम शिकवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा असतो की कुत्र्याची खांद्यापाशी उंची माणसाच्या उंचीच्या ४० ते ४५ टक्के आणि वजन माणसाच्या वजनाच्या निम्म्याहून थोडं जास्त असावं. माझ्यासाठी ते ६२ ते ७० सेंटिमीटर आणि २६ ते ३१ किलो येतं. वाघ्या ६१ सेंटिमीटर आणि ३४ किलो. म्हणजे वजनाला भरपूर, उंचीला किंचित कमी. सहा फुटी, ८० किलोच्या माणसानं माझ्या अनुभवावर जाऊ नये, त्याचा हिशेब वेगळा निघेल.

धाकट्या भावाचा हट्ट कारवानीचा होता. "ताई, आपल्या जिल्ह्याचं कुत्रं सोडून बाहेरचं कशाला?" चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानीसाठी नावाजलेलं, आणि तो माळेगावच्या यात्रेतही चार-दोन बघून आला होता. ऊन सोसण्यात त्या कुत्र्याचा हात कोणी धरणार नाही. उंचीही मला हवी तेवढी. पण अंग सडपातळ, आणि रक्त शिकारीचं. नजरेसमोरून ससा गेला की ते सुटणार, आणि त्याच्या पाठीवर बांधलेल्या पट्ट्याच्या मुठीला मी लटकलेली असणार. चांगलं कुत्रं, पण हे काम त्याचं नाही.

ग्रेट डेनचा विचार मी महिनाभर केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच गावी सर्व्हिस डॉग प्रोजेक्ट नावाची संस्था तोल जाणाऱ्यांना ग्रेट डेनच देते. पाठ सरळ हाताला लागते, उंच दांडा लावावा लागत नाही, हा त्याचा फार मोठा गुण. पण नर ५५ किलोच्या पुढे जातो. माझ्याहून जड जनावर एकदा जरी दचकून ओढलं तर मी त्याला थांबवू शकत नाही. आयुष्य ७ ते १० वर्षं, त्यातली पहिली दोन हाडं भरण्यात जातात. पोट फुगून पीळ बसण्याचा धोका याच जातीत सगळ्यात जास्त, आणि तसं झालं तर काही तासांत शस्त्रक्रिया लागते. मध्यरात्री आमच्याकडे ती कोण करणार? शिवाय दोन भाकरींत भागणारं हे कुत्रं नव्हे.

जर्मन शेफर्ड आणि रॉटवायलर मी दुसऱ्याच कारणानं सोडले. मी पडले की लोकांनी मला उचलायला यायला हवं. राखणीचं कुत्रं मालक जमिनीवर दिसला की कोणाला जवळ येऊ देईल याचा भरवसा नाही. बँकेत वॉचमनदादा आणि दोन गिऱ्हाइकं धावत आली, वाघ्या बाजूला सरकून बसला. त्या एका क्षणासाठी मी पुन्हा लॅब्राडोरच घेईन. रॉटवायलरचं आणखी एक: मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २३ जातींवर बंदीचं पत्र काढलं, त्यात तो होता. कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं तरी घरमालकांच्या डोक्यातून ते गेलेलं नाही. सेंट बर्नार्डबद्दल मराठवाड्यात विचारूच नये.

पिल्लू घेतलं नाही याचं आजही समाधान आहे. मोठ्या जातीची हाडं पक्की व्हायला १८ ते २४ महिने लागतात, तोवर त्याच्यावर भार टाकायचा नसतो. खुब्याचा आणि कोपराचा दोष नीट कळायलाही दोन वर्षांचं वय लागतं. मी सव्वादोन वर्षांचा, एक्स-रे काढलेला नर घेतला. पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेल्या एका काकांनी सहा महिने रोज सकाळी शिकवलं. 'थांब' म्हटलं की चारही पाय रोवून उभं राहायचं. 'टेक' म्हटलं की मी हात ठेवणार, तयार राहायचं. हात खांद्याच्या फऱ्यांवर, सरळ खाली दाबायचा. कमरेवर कधीच नाही, आणि खुर्चीतून उठताना त्याला धरून स्वतःला वर ओढायचं नाही. अंगाचा सगळा भार पेलायला लावणं आणि डगमगताना तोल सावरून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. ३४ किलोचं कुत्रं दुसरं काम वर्षानुवर्षं करेल. पहिलं रोज करायला लावलं तर त्याचेच सांधे जातील.

खरं सुख मला ज्याची अपेक्षाच नव्हती त्यात मिळालं. मी आधारासाठी कुत्रं घेतलं, पण दिवसभरात मी त्याच्यावर हात टेकते दहा-बारा वेळा, आणि 'दे' म्हणते चाळीस वेळा. खडू, किल्ल्या, मोबाईल, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पडलेली काठी. काठी पडली की आधी मी भिंतीला टेकून कोणी येईपर्यंत उभी राहायचे. वर्गातली पोरं आणून द्यायची, पण दर वेळी पोरांना सांगायला मनाला लागायचं. आता काठी जमिनीला टेकायच्या आत तो वळलेला असतो. उचलून आणणं हे लॅब्राडोरच्या रक्तातच आहे, शिकवायला चार दिवस पुरले. जगभरातल्या संस्था या कामाला लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर का घेतात हे मला तेव्हा कळलं.

पट्ट्याच्या दुकानदाराशी मात्र तीन महिने भांडले. ऑनलाईन मागवलेल्या ८,५०० रुपयांच्या हार्नेसच्या दांड्याचा बोल्ट पाचव्या महिन्यात ढिला पडला. उत्तर आलं, "वापरामुळे झालेली झीज." वापरायलाच घेतला होता! शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्यानं ३५० रुपयांत स्टीलचा आखूड दांडा करून दिला. आखूड हे महत्त्वाचं. दांडा जितका उंच, तितका तो बाजूला कलतो आणि कुत्र्याच्या पाठीला पीळ देतो.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगते. मार्चपासून शाळा सकाळची होते म्हणून निभावतं. डांबरी रस्त्यावर पालथा हात सात सेकंद ठेवता आला नाही तर त्याला त्यावर चालवत नाही. पावसाळ्यात त्याला गोचीड ताप आला, प्लेटलेट उतरल्या, २८ दिवस डॉक्सीसायक्लिन चाललं. तो महिना मी पूर्ण काठीवर काढला, म्हणून काठी अडगळीत टाकू नका. शेजारच्या काकूंनी मायेनं दूध-भाकरी घालून त्याला ३९ किलोवर नेलं होतं, ते पाच किलो उतरवायला चार महिने लागले.

आता पडण्याकडे येते. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन पुन्हा एक्स-रे काढले. खुबे स्वच्छ, कणा सरळ. मग तिथल्या डॉक्टरांनी त्याचा पंजा उलटा धरून मला दाखवला. नखं एवढी वाढलेली की उभं राहिल्यावर ती आधी जमिनीला लागत होती आणि पंजाच्या गाद्या नीट टेकतच नव्हत्या. "मॅडम, चालताना टकटक आवाज येतो का?" येत होता. आठ महिने येत होता. मला तो आवडायचा.

पहिले ११ महिने आम्ही औशाकडच्या जुन्या घरात होतो. तिथं शहाबादी फरशी, टाकीनं ठोकलेली, खरबरीत. नखं आपोआप झिजायची आणि पायही धरायचा. माझी बदली झाली, लातुरात फ्लॅट घेतला, तिथं आरशासारख्या टाईल्स. नखं झिजणं बंद झालं, आणि जिथं पकड लागते तीच जमीन निसरडी झाली. जात बदलून यातलं काय बदललं असतं? ६० किलोचा ग्रेट डेन त्याच टाईलवर सरकला असता आणि माझ्या अंगावर पडला असता. जातीवर मी दीड वर्ष वाचन केलं, फरशीवर दीड मिनिटही विचार केला नाही, आणि कोणी मला सांगितलंही नाही. म्हणून सांगते: कुत्रं बघायला जाण्याआधी स्वतःच्या घराची, कामाच्या जागेची फरशी ओल्या पायानं चालून बघा.

लहान मुलांच्या खोलीत घालतात त्या फोमच्या चटया आणल्या, त्या दोन दिवसांत सरकायला लागल्या. गोणपाट चुरगळतं आणि कॅलिपर त्यात अडकतो. उपाय निघाला जनावरांच्या दवाखान्याबाहेरच्या दुकानात. गोठ्यात म्हशींखाली घालतात ती जाड रबराची मॅट. दर विचारला, एका मॅटला २,२००. पलंगाजवळ एक, न्हाणीघराच्या दाराशी एक, स्वयंपाकघरात एक. तीनशे किलोचं जनावर ज्यावर घसरत नाही त्यावर माझं ३४ किलोचं काय घसरणार? वास पहिले पंधरा दिवस येतो, मग जातो. नखं आता दर दुसऱ्या रविवारी भाऊ कापतो. बाहेर गुळगुळीत फरशी दिसली तर मी 'टेक' म्हणतच नाही, काठी आणि भिंत धरते, तो नुसता बरोबर चालतो.

वाघ्या या पोळ्याला ४ वर्षांचा होईल. आधाराचं कुत्रं ८ ते १० व्या वर्षी कामातून काढावं लागतं. शिकवण्याचा वेळ धरला तर दुसरं कुत्रं मला तो ६ वर्षांचा असतानाच बघायला लागेल, आणि निवृत्तीनंतर वाघ्या राहणार माझ्याकडेच, म्हणजे काही वर्षं दोघांचा खर्च. दरमहा २,००० रुपयांची आरडी या महिन्यापासून सुरू केली. दुसराही लॅब्राडोरच घेणार, फक्त खांद्याला दोन सेंटिमीटर उंच मिळाला तर बघते.