पेठेतलं काष्ठौषधींचं दुकान: माल चोख, पण पुडीवर नाव तरी लिहा की हो

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे तक्रार आहे आणि मालक काका माणूस म्हणून एकदम सज्जन आहेत. पुण्यातल्या पेठेतलं जुनं दुकान, एवढंच. लाकडी काउंटर, मागे पत्र्याचे डबे, कोपऱ्यात पोत्यांची थप्पी, आणि आत शिरलं की वेखंड, नागरमोथा आणि धूळ यांचा मिळून जो वास येतो तो आजीच्या बाळगुटीच्या डब्याला यायचा अगदी तसाच. पाचपैकी साडेतीन स्टार. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

गेले होते बाबांसाठी. बाबांना शुगर आहे, अकरा वर्षं झाली, मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. त्यात कुडाळच्या आत्याने फोनवर सांगितलं की आमच्याकडे सगळे सप्तरंगी नावाच्या मुळीचा काढा घेतात, शुगर कशी सरळ खाली येते, झालं, बाबांनी लगेच माझ्यामागे लकडा लावला की तू फार्मसी शिकलीस ना मग बघून चांगली आणून दे. बी.फार्म. करून बारा वर्षं झाली, आता मी एका कंपनीत कागदपत्रं तपासते, पण फार्माकॉग्नोसीच्या, म्हणजे औषधी वनस्पती ओळखायला शिकवणाऱ्या विषयाच्या, प्रॅक्टिकलला सालींचे आणि मुळांचे काप काढून मायक्रोस्कोपखाली डोळे फोडलेत त्यामुळे ओळखता येईल असं वाटलं. फाजील आत्मविश्वास, दुसरं काय.

काउंटरवर काकांचा पुतण्या होता. "ताई, अख्खी देऊ का पावडर?" पहिला आणि शेवटचा सल्ला, पावडर घेऊ नका. कधीच. पावडरीत काय आहे ते देवालाही कळत नाही. अशोकाची साल म्हणून आसुपालवाची साल विकली जाते हे या धंद्यातलं उघड गुपित आहे, म्हणजे सोसायटीच्या गेटजवळ उंच सरळ उभा असतो तो, सीतेच्या अशोकाशी त्याचा नावापलीकडे काही संबंध नाही, आणि दळून ठेवलं की दोन्ही सारखंच तपकिरी दिसतं. म्हटलं अख्खी दाखवा.

तेवढ्यात काका आतून आले, त्यांनी बोटभर जाडीचा एक तुकडा घेऊन आडवा तोडला, बाटलीतलं पाणी बोटाने तुटलेल्या टोकाला लावलं आणि माझ्यासमोर धरला. एकात एक वर्तुळं, तांबूस मग काळपट मग परत तांबूस. "ही चक्रं दिसली पाहिजेत, म्हणून सप्तचक्रा. नाय दिसली तर घेऊ नका, माझ्याकडूनपण." खरं सांगते त्या क्षणी मी पाच स्टार देऊन टाकले होते. सप्तचक्रा हे सप्तरंगीचंच दुसरं नाव. हे वेलीसारखं पसरणारं झुडूप आहे, खोड-मूळ जाड होताना वाहिन्यांची नवीन नवीन कडी बाहेरच्या बाजूला तयार होत जातात, तीच ही चक्रं. आम्हाला जे शिकायला सूक्ष्मदर्शक आणि लाल रंगाचं रसायन लागलं ते काकांनी थेंबभर पाण्यात दाखवलं.

आता या मुळीत खरंच काही आहे का, तर आहे. श्रीलंकेत हिच्या बहिणीच्या, म्हणजे त्याच कुळातल्या दुसऱ्या जातीच्या लाकडाचे पेले करतात, कोथला हिंबुटू म्हणतात तिला, रात्री पेल्यात पाणी ठेवायचं आणि सकाळी प्यायचं, तेही शुगरसाठीच. जपानमधे क्योटोच्या योशिकावा यांच्या टीमने 1997 साली त्यातून सालासिनॉल नावाचा पदार्थ वेगळा काढला. आपण भात पोळी खातो त्यातला स्टार्च आतड्यात सुटा होऊन शेवटी ग्लुकोज होतो, हे सुटं करायचं शेवटचं काम करणारं एक एन्झाइम असतं, सालासिनॉल साधारण साखरेसारखा दिसतो म्हणून ते एन्झाइम त्यालाच धरून बसतं आणि खरा माल लाइनीत ताटकळत राहतो. म्हणजे जेवणानंतर शुगर जी एकदम उसळते ती हळू चढते. अकार्बोज, वोग्लिबोज या शुगरच्या गोळ्याही हेच करतात. आणि त्यांचा साइड इफेक्टही तोच, न पचलेला स्टार्च पुढे मोठ्या आतड्यात गेला की तिथले बॅक्टेरिया त्याच्यावर ताव मारतात आणि मग गॅस. आत्याने हे फोनवर सांगितलं नव्हतं. आमच्या घरी तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं.

पण आत्याच्या आणि माझ्या भांडणाचा मुद्दा वेगळाच आहे. मुळीत औषध आहे हे मला मान्य आहे, प्रश्न आहे या पुडीत किती आहे. जात कुठली, माती कुठली, मूळ किती जुनं, कधी खणलं, पोत्यात किती वर्षं पडलं, या सगळ्यावर ते प्रमाण बदलतं आणि मी चमचाभर उकळते तेव्हा मला त्यातलं काहीच माहीत नसतं. मेटफॉर्मिनच्या गोळीवर 500 लिहिलंय म्हणजे 500 मिलिग्रॅम, आजही आणि दिवाळीतही. बरं ती मेटफॉर्मिनसुद्धा कुठून आली, तर युरोपात गॅलेगा नावाची निळसर-जांभळ्या फुलांची एक चाऱ्याची वनस्पती आहे, तिच्यात शुगर कमी करणारा पदार्थ सापडला पण तसाच द्यायला तो विषारी, म्हणून त्याच्यासारखी दुसरी रसायनं करून बघत बघत मेटफॉर्मिनपर्यंत आले, आणि 1957 साली फ्रान्समधे जाँ स्टर्न या डॉक्टरने ती माणसांमधे वापरल्याचं छापलं. हे मी बाबांना सांगितलं तर म्हणाले "म्हणजे मी अकरा वर्षं झाडपालाच खातोय की!" या माणसाशी वाद घालता येत नाही.

आता तक्रार. काउंटरवर एका बाजूला प्लास्टिकच्या पिशव्या टांगलेल्या, हिरवट चूर्ण, वर स्केचपेनने फक्त "शुगर". ना घटक, ना तारीख, ना कोणी बनवलं ते. पुतण्याला विचारलं काय काय आहे, तर जांभूळबी, मेथी, कारलं, गुडमार आणि सदाफुली, "अजून बरंच आहे ताई, शंभर टक्के रिझल्ट". सदाफुली ऐकून मी तिथेच उडाले.

सदाफुलीची गोष्ट अशी. जमैकात लोक तिच्या पानांचा चहा शुगरसाठी प्यायचे, तिथून कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे काही पानं पोचली, त्यांनी उंदरांना अर्क पाजून पाहिला, शुगरवर ढिम्म परिणाम नाही. मग टोचून पाहिला तर उंदीर इन्फेक्शनने मेले, कारण अर्काने त्यांच्या पांढऱ्या पेशीच घटवल्या होत्या. दुसरा कोणी असता तर फाइल बंद करून घरी गेला असता, पण नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांच्या डोक्यात आलं की ब्लड कॅन्सरमधे नेमक्या पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात. त्यातून 1958 साली व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध निघालं, मग एका औषध कंपनीने त्याच झाडातून व्हिनक्रिस्टिन काढलं, ते लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही सलाइनमधून देतात. पानात हे इतकं नखभर असतं की एक ग्रॅमसाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात. म्हणजे शुगरचं औषध शोधताना शुगरचं मिळालंच नाही, केमोथेरपीचं मिळालं! आणि आपल्याकडे लोक सकाळी फिरून येताना कुंपणावरची चार पानं तोडून चावतात, आमच्या वरच्या मजल्यावरचे काका तर रोज. चार पानांनी केमो होत नाही हे खरं, पण रोज, वर्षानुवर्षं, त्यात "अजून बरंच" मिसळून, लेबल नसलेल्या पिशवीतून? हे विकू नये. मी दुकानाच्या काकांना स्पष्ट बोलले, ते म्हणाले पुतण्याने सुरू केलंय, लोक मागतात. लोक काय, काहीही मागतात.

आणि गंमत म्हणजे हेच काका दुसऱ्या बाबतीत इतके कडक. माझ्यासमोर एका गृहस्थांनी झोपेसाठी सर्पगंधा मागितली, काकांनी विचारलं वैद्यांची चिठ्ठी? नाही? मग नाही. गृहस्थ चिडून गेले पण काका बरोबर होते, सर्पगंधा हे काही गंमत म्हणून घ्यायचं प्रकरण नाही. मुंबईत केईएम हॉस्पिटलला डॉ. रुस्तम जाल वकील होते, त्यांनी ब्लडप्रेशरच्या पन्नास पेशंटवर सर्पगंधेच्या गोळ्यांचा काय परिणाम झाला ते 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमधे छापलं आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. आपल्याकडे ती झोपेला, वेडावर, सापाच्या विषावर पूर्वापार देत होतेच, पण वकिलांनी मोजलं, आधी किती प्रेशर, नंतर किती, किती जणांचं उतरलं. मग 1952 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. प्रेशर उतरायचं पण काही जण नैराश्यात जायचे, म्हणून पुढे ते मागे पडलं. माझ्या मते केईएममधलं ते काम आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात असायला हवं, हळदीच्या पेटंटची लढाई सगळ्यांना माहीत आहे (हळदीने जखम भरते यावरचं अमेरिकेतलं पेटंट 1997 ला रद्द झालं, ते लढवणारे शास्त्रज्ञ माशेलकर सर वगैरे) पण वकील कोणाला विचारा.

गुळवेलीसाठीही दुकानाला मार्क. इथे ओली गुळवेल पानांसकट जुडी बांधून मिळते, दोन दिवस आधी सांगावं लागतं. कोविडच्या काळात लोकांनी गुळवेल वाट्टेल तशी प्यायली आणि 2021 मधे मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं की तुम्ही वेल नीट ओळखलीच नाही, दिसायला तशीच दुसरी एक जात आहे, तिच्या खोडावर फोडांसारखे उंचवटे असतात. वाद अजून चालू आहे, मी कोणाच्या बाजूने बोलत नाही, पण पान आणि खोड दोन्ही हातात असलं तर निदान ओळखीचा प्रश्न तरी सुटतो. शंकाच असेल तर पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत फी भरून नमुना ओळखून घेता येतो, आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचे नमुने तिकडेच जायचे.

काढा कसा करायचा हे काका सांगतात पण विचारलं तरच, पुतण्या सगळ्याला एकच सांगतो, "चार कप पाणी एक कप करा". सप्तरंगीला चालतं, सालासिनॉल पाण्यात उतरतो. सगळ्यांना नाही चालत. चीनच्या शास्त्रज्ञ तू योयो यांना मलेरियावरच्या एका वनस्पतीत आधी काही धड सापडत नव्हतं, मग एका जुन्या चिनी ग्रंथात वाचलं की पाण्यात भिजवून पिळून रस प्या, उकळा असं म्हटलेलंच नाही, तेव्हा लक्षात आलं की उष्णतेने औषध मरतंय, मग 1971 मधे कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध हाती लागलं, 2015 ला नोबेल. पुतण्याला सांगितलं तर म्हणे "ताई तुम्ही यूट्यूब चॅनेल काढा".

बाबांचं काय झालं ते. आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, गोळी बंद करायची नाही आणि रोज शुगर लिहून ठेवायची या अटीवर ते हो म्हणाले, थरथर घाम वाटलं तर लगेच साखर खा म्हणाले. (तुमच्या घरी कोणी घेणार असेल तर हे आधी करा, विशेषतः इन्शुलिन किंवा दुसऱ्या गोळ्या असतील तर.) आठ दिवस काढ्याशिवाय, आठ दिवस काढा घेऊन, नाश्त्याला रोज तेच पोहे, दोन तासांनी ग्लुकोमीटर. आधी 190 च्या आसपास असायची, काढ्याच्या दिवसांत 170 च्या आसपास. बाबा विजयी मुद्रेने आत्याला फोन लावायला निघाले तेव्हा आईने शांतपणे सांगितलं की रोज मोजणार म्हणून यांनी चहातली साखर आणि चोरून खायची ती चिक्की दोन्ही बंद केलंय. त्यामुळे क्रेडिट सप्तरंगीचं की चिक्कीचं हा निकाल राखून ठेवलाय.

एक गोष्ट मात्र टोचते. काकांना विचारलं मुळी येते कुठून, म्हणाले कोकणातून, पूर्वी मनगटाएवढी जाड यायची, आता करंगळीएवढी येते. मूळ खणलं म्हणजे झाड गेलं, पान तोडण्यासारखं ते नाही, आणि ही लावतंय कोण. माझ्या पुडीतले तुकडे बारीक होते, चक्रंही चारच मोजली.

बाकी किरकोळ. शंभर ग्रॅमचे एकशेवीस घेतले, पुडी वर्तमानपत्रात बांधून, आत चिठ्ठी नाही, बाहेर नाव नाही. घरी पोचेपर्यंत ज्येष्ठमध कुठली आणि सप्तरंगी कुठली हे चाखून ठरवावं लागलं. जाड कागदाची पिशवी, नाव आणि तारीख, एवढं केलंत तर अर्धा स्टार वाढवते, आणि ती "शुगर"वाली पिशवी काढलीत तर पूर्ण पाच. यूपीआय चालतं. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा. एक ते चार बंद, त्याबद्दल पुण्यात तक्रार करायची पद्धत नाही. बाबांनी पुढच्या वेळी पाव किलो आणायला सांगितलंय, मी शंभरच ग्रॅम आणणार आहे.