स्टोरीवीव्हर: सहावी ते आठवीच्या इंग्रजीच्या टाचणाला कितपत कामाचं?

मी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा रिव्ह्यू पालकांपेक्षा टाचण (म्हणजे तासिकेला काय, कसं शिकवायचं याचं लेखी नियोजन) काढणाऱ्या मंडळींसाठी जास्त आहे. प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेची स्टोरीवीव्हर ही मुलांच्या चित्रगोष्टींची साइट २०१५ पासून आहे, फुकट आहे, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नाव ऐकलेलं असतं पण "बालवाडीच्या गोष्टी आहेत हो त्या" म्हणून सोडून दिलेलं असतं.

आधी माझी अडचण काय होती ते सांगते. आपल्याकडे रीडिंग, ग्रामर आणि रायटिंग म्हणजे एकाच स्टँडवरून तीन वेगळ्या गावांना सुटणाऱ्या एसट्या, धडा एक, व्याकरण कुठल्यातरी गाइडमधल्या सुट्या वाक्यांवर आणि निबंध तिसराच, माय बेस्ट फ्रेंड. मध्यंतरी ऑनलाइन तयार टाचणांची एक पीडीएफ विकत घेतली (नाव घेत नाही), तर प्रत्येक तासिकेला त्याच अध्ययन निष्पत्ती (मुलांना काय यायला हवं ते) कॉपी-पेस्ट, टेन्सचे तक्ते पाठ करायला, आणि रायटिंगच्या रकान्यात फक्त "निबंध लिहून घेणे". केंद्रप्रमुख आले की दाखवायला झकास, वर्गात उपयोग शून्य.

मला हवा होता एकच छोटा मजकूर, जो आठवडाभर पुरेल. वाचायचाही तोच, ग्रामरही त्यातूनच निघेल आणि शनिवारी त्याच्यावरच लिहायचं. इथे स्टोरीवीव्हर खरंच कामाला आलं. भाषा, लेव्हल, विषय टाकून गोष्ट शोधता येते. लेव्हल चार आहेत, पहिलीत २५० शब्दांच्या आत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत आणि चौथी त्याच्या पुढे. माझा अनुभव म्हणजे इयत्ता बघून लेव्हल ठरवूच नका, सहावीला दुसरी लेव्हल निवांत जाते, तिसरीला निम्मा वर्ग दमतो, चौथी मी फक्त आठवीच्या वाचणाऱ्या पोरांना देते.

आता ग्रामरचं, कारण खरी मजा तिथेच आहे. आर्टिकल्स घ्या, म्हणजे ए, ॲन, द. "ही इज डॅश टीचर" अशी दहा वाक्यं पोरं भरतात आणि अकरावं परत चुकवतात, कारण कुत्रा पहिल्यांदा आला की "ए डॉग" आणि तोच परत आला की "द डॉग" हे सुट्या वाक्यात दिसणारच कसं? त्यासाठी गोष्टच लागते. मी पहिली दोन पानं फळ्यावर लिहिते, सगळी आर्टिकल्स गाळते आणि जोडीने भरायला देते, मग मूळ पान दाखवते. भांडणं होतात, आणि ती व्हायलाच हवीत.

दुसरं आपलं पेटंट वाक्य, "शी डिड नॉट वेन्ट". गोष्टीतली "वेन्ट", "सॉ", "केम" वाली वाक्यं एका बाजूला लिहायची आणि "डिड नॉट" वाली दुसऱ्या बाजूला, नियम सांगायचाच नाही, नुसतं बघत बसायला लावायचं. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, डिडने भूतकाळ आधीच खाऊन टाकला ना, मग मागच्याला काय उरलं!" आता तेच वाक्य आमच्या वर्गात नियम म्हणून चालतं.

रायटिंगला कोरा निबंध देत नाही. तीच गोष्ट त्यातल्या आजीने किंवा शेळीने सांगितली तर? मग "शी" चं "आय" होतं, "हर" चं "माय" होतं, "वॉज" आहे तसंच राहतं, आणि लिहिता लिहिता पोरांना कळतं की कुठे बदलायचं आणि कुठे हात लावायचा नाही. तपासताना त्या आठवड्याचा मुद्दा असेल तेवढ्यालाच लाल पेन. सगळंच गोल करत बसलं की पुढच्या वेळी पोरगं तीन ओळी लिहून वही मिटतं.

तक्रारी आहेतच. प्रत्येक गोष्टीखाली प्रश्न, वर्कशीट असं काही तयार मिळेल म्हणून जाऊ नका, ते बहुतेक वेळा आपल्यालाच काढावं लागतं. गोष्ट कुणीही लिहू शकतो, अनुवादही कुणीही करू शकतो, त्यामुळे दर्जा वरखाली आहे, वर्गात नेण्याआधी अख्खी वाचा. चित्रं सुंदर आहेत पण काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर त्यांचा पार कोळसा होतो, म्हणून मी मजकूर तेवढा वेगळा टाइप करून घेते. ओपन लायसन्स आहे, मूळ लेखक-चित्रकाराचं नाव दिलं की छापायला, बदलायला मोकळीक, हा मोठाच फायदा. मराठी आवृत्ती असेल तर ती मी शेवटी देते, आधी दिली की इंग्रजी कोण वाचतंय!

आठवीची मुलं मात्र चित्रं बघून नाक मुरडतात, "मॅडम हे बारक्यांचं". त्यावर उपाय सापडला. पहिल्या लेव्हलची गोष्ट द्यायची आणि सांगायचं, ही पहिलीच्या वर्गात जाऊन वाचून दाखवायची आहे. मग उच्चार विचारायला तेच मागे लागतात. वर्गात परत आल्यावर तीच तुटक वाक्यं "बट", "बिकॉज", "व्हेन" लावून जोडायची, मजकूर सोपा असल्याने सगळं डोकं जोडणीतच लागतं.

पाचपैकी चार स्टार. डाउनलोडला लॉगिन लागतं, ते शाळेच्या ईमेलवरून करा, स्वतःच्या नको. बदली झाली की जमवलेली गोष्टींची यादी पुढच्या मॅडमना तरी मिळेल.