लेनियरसाठी २७ फुटी बो-रायडर: इंजिन पोटात की पाठीवर?

अमेरिकेत जॉर्जियातल्या लेनियर तलावावर २७ फुटी बो-रायडर, म्हणजे पुढच्या टोकातही बसायला जागा असलेली मोटरबोट, घ्यायची हे ठरलं, की खरा प्रश्न एकच उरतो: स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत) की आउटबोर्ड (इंजिन मागे बाहेर टांगलेलं)? पहिली मी पाच हंगाम वापरली, दुसरीचा हा तिसरा. पुढची मोकळी बैठक, टॉयलेट, साडेआठ फुटांची रुंदी दोन्हींत सारखीच, म्हणून ते सोडून देतो.

पोहायला स्टर्नड्राइव्हच बरी. मागचा प्लॅटफॉर्म सलग असतो, पोरं पाण्यात पाय सोडून ओळीनं बसतात. आउटबोर्डमध्ये मधोमध इंजिन उभं, प्लॅटफॉर्मचे दोन तुकडे. सत्तरी ओलांडलेल्या आईला शिडीवरून वर घेताना ती अडचण दर वेळी जाणवते.

पळण्यात मला आउटबोर्ड सरस वाटली. मोजमाप केलेलं नाही, पण आठ माणसं घेऊन ती लवकर प्लेनवर येते, म्हणजे वेग घेऊन पाण्यावरून सरकायला लागते. वजन सगळं मागे असल्यामुळे सुटताना नाळ (बोटीचं पुढचं टोक) जरा जास्त उचलते आणि क्षणभर समोरचं दिसत नाही. नाळ खाली आणणाऱ्या मागच्या पट्ट्या, म्हणजे ट्रिम टॅब्ज, हव्यातच. उलट, पुढे सहाजण बसवून हळू जाताना दोन्ही बोटींची नाळ खाली दबते. मोठ्या क्रूझरची लाट आडवी आली तर पाणी थेट मांडीवर. अशा वेळी दोघा-तिघांना मागे बोलवायचं.

माझा निर्णय मात्र थंडीनं केला. लेनियर हिवाळ्यात गोठत नाही, त्यामुळे डिसेंबरातल्या उन्हाच्या दुपारीही आम्ही निघतो. स्टर्नड्राइव्ह तलावाचंच पाणी फिरवून थंड होते, आणि ते पाणी इंजिनाच्या मुख्य धडात, ब्लॉकमध्ये, राहतं. रात्री गोठलं, फुगलं, की बिडाच्या ब्लॉकला तडा. म्हणजे प्रत्येक सहलीनंतर हवामान बघायचं आणि गरज पडली की इंजिनाच्या कप्प्यात वाकून ड्रेन प्लग काढून ते पाणी सोडून द्यायचं. २०२२ च्या नाताळाआधी जवळच्या अटलांटाचा पारा ८ फॅरनहाइटपर्यंत (उणे १३ सेल्सियस) उतरला. त्याच्या आदल्या रात्री, घरात पाहुणे असताना, मी चाळीस मिनिटं गाडी चालवून मरीनावर गेलो आणि टॉर्च दातात धरून ते प्लग काढले. बोटं बधिर झाली होती. एक प्लग बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोबणीत, पडला, तो शोधण्यात अर्धा तास गेला. पुढच्या वसंतात बोट विकली.

आउटबोर्ड खाली सोडून ठेवली की इंजिनातलं पाणी आपोआप निथळतं. शिवाय इंजिन बाहेर असल्यानं, सुरू करण्याआधी कप्प्यातली पेट्रोलची वाफ काढायला चार मिनिटं ब्लोअर (हवा बाहेर फेकणारा पंखा) लावून थांबणंही गेलं.

तुम्ही कडक थंडीच्या मिनेसोटात असाल आणि ऑक्टोबरात बोट शेडमध्ये जात असेल, तर हे सगळं वर्षातून एकदाचं काम आहे. मग त्या सलग प्लॅटफॉर्मसाठी स्टर्नड्राइव्ह घ्यावी, असं मीही म्हणेन. पण बोट बारा महिने पाण्यात राहणार असेल, तर आउटबोर्डच बघा. आईसाठी मी शिडीशेजारी हाताला धरायला एक दांडा बसवून घेतला. आता ती स्वतःच वर येते.